काळ्या पडद्यामागची गोगलगाय

"आला, आला! बाजूला व्हा सगळे!" असं ओरडत शेपूट स्वतःच जिन्याच्या मधोमध उभी राहिली.

मामाची स्कूटर दारात थांबली. मागच्या सीटवर मामाची थोरली मुलगी, ताई होती आणि तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. तान्ह्या बाळाला दवाखान्यातून घरी आणावं तशी ती त्याला पोटाशी धरून बसली होती. त्यात फारसं नवल नव्हतं, कारण डबा खरोखरच दवाखान्यातून येत होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळी गल्ली 'डॉक्टर' म्हणायची.

फौजदार आणि त्याची धाकटी बहीण शेपूट सुट्टीसाठी मामाकडे आले होते. फौजदार सातवी पास झाला होता आणि त्याचा प्रत्येकावर संशय असे. दूधवाल्यावर, पोस्टमनवर, वेळ पडली तर मांजरावरही. शेपूट त्याच्या मागे मागे फिरायची, म्हणून ती शेपूट. टोळीतली तिसरी म्हणजे ताईची धाकटी बहीण, रेडिओ. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि त्याची भरपाई ती बोलून करते असं फौजदाराचं मत होतं.

ताईने वर्षभर खपून चार मिनिटांचा ॲनिमेशनपट केला होता. गोष्ट एका गोगलगायीची. तिला स्वतःच्या शंखाचा कंटाळा येतो आणि ती नवं घर शोधायला निघते. चित्रं ताईची आणि आवाज सगळे रेडिओचे. गोगलगाय सरपटते तो आवाज म्हणजे ताटलीवर फिरवलेलं ओलं बोट होतं. हा चित्रपट पाहून कॉलेज ताईला प्रवेश देणार होतं, आणि तो पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती.

घोडं अडलं होतं शेवटच्या प्रसंगात. तिथे झाडाची सगळी पानं एकदम गळायची, आणि जुना कॉम्प्युटर दर वेळी नेमकी तिथेच मान टाकायचा. पडद्यावर चित्रं उमटवणारं त्याचं ग्राफिक्स कार्ड शेपटीपेक्षा वयाने मोठं होतं. म्हणून आज सकाळी डॉक्टरच्या दुकानात नवं कार्ड बसवलं. तिथल्या पडद्यावर पानं अशी अलगद गळली की ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तिथल्या तिथे चित्रपट पूर्ण करून घेतला. आता घरी यायचं, इंटरनेटवर कॉलेजच्या पानावर तो जोडायचा आणि पाठवायचा, एवढंच काय ते राहिलं होतं.

मागोमाग डॉक्टर सायकलवरून आलाच. घरच्या पडद्याची वायर नव्या कार्डात जाईना, तेव्हा त्याने खिशातून एक छोटा जोडतुकडा काढला, मध्ये खुपसला आणि बटण दाबलं. आतला पंखा घरघरला. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली आणि लगेच विझली. पडदा काळा तो काळाच राहिला.

डॉक्टरने बंद केलं, चालू केलं, डब्याच्या पाठीत एक धपाटाही घातला. मग हात झटकून त्याने निदान सांगून टाकलं. वाटेत हादरा बसला, मदरबोर्ड गेला. म्हणजे ज्याच्यावर सगळे भाग बसवलेले असतात ती मुख्य पाटीच गेली. त्याला आणखी दोन घरी जायचं होतं, तेव्हा डबा न्यायला तो चारला येणार होता आणि परवापर्यंत बघणार होता.

"आणि आतला माझा चित्रपट?" ताईने विचारलं.

"बोर्ड बदलला की सगळं नव्याने भरावं लागतं. आतलं राहील याची गॅरंटी मी देत नाही."

"पण मला आजच पाठवायचाय हो."

"मग मी काय करू, बाळा?" डॉक्टर म्हणाला आणि जिना उतरून गेला.

मामाचं खाली चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'हे अक्षर दिसतंय का' विचारून तो इतका कंटाळलेला असायचा की घरात कुणी काही विचारलेलं त्याला खपत नसे. जाताना त्याने बजावलं, डब्याला कुणी बोट लावायचं नाही, चालू केलात तर उरलंसुरलंही जळेल. रेडिओ काहीतरी विचारणार तेवढ्यात तो वळून म्हणाला, "तू आज तरी गप्प बस."

ताईने कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम म्हणजे नियम असं तितक्याच शांतपणे सांगितलं. ताईने फोन ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. ती रडत असती तर बरं झालं असतं. शेपटीने तिच्या उशाशी आपलं अर्धं चॉकलेट ठेवलं. ते तसंच पडून राहिलं.

दुपार सरता सरेना. तिघंही कॉम्प्युटरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. आपल्या हातात काही म्हणजे काही नाही, ही गोष्ट तिघांनाही सारखीच टोचत होती. फौजदाराचा संशय अर्थातच डॉक्टरवर होता. त्याने नवं कार्ड काढून घेतलं असणार आणि आत खोकं भरलं असणार! डब्याच्या जाळीला डोळा लावून त्याने बराच वेळ तपास केला. कार्ड आत होतं, चांगलं चकाकत होतं. संशयाची हवाच गेली, आणि फौजदार आणखी उदास झाला.

"रेडिओ, बोल ना काहीतरी," शेपूट म्हणाली.

रेडिओने मान हलवली. बाबा कधी तिच्यावर असे खेकसत नसत. शिवाय बोलून होणार तरी काय होतं?

"जळायचं ते जळलंच आहे," असं म्हणत फौजदाराने शेवटी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळा राहिला. तो बंद करायला हात पुढे करणार, तोच रेडिओने मान वर केली.

"थांब. तो कुरकुरतोय."

"कोण?"

"कॉम्प्युटर. रोज सकाळी चालू केला की आधी घरघरतो, मग कुरकुरतो, मग थोडा थांबून पुन्हा कुरकुरतो. आत्ताही तसाच करतोय." ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिने डब्याला कान लावला. "मला एक सांगा, याला नक्की झालंय काय? सगळे नुसते मेला मेला म्हणतायत."

"पडदा काळा आहे," फौजदार म्हणाला.

"बरं. आणि?"

"आणि काय? काहीच दिसत नाही."

"ते कळलं. पण आणखी काय बिघडलंय?"

आणखी काही बिघडलंय का हे कुणीच पाहिलं नव्हतं.

"एवढंच?" रेडिओ म्हणाली. "अरे, मला तर तो रोज असाच असतो!"

फौजदार ताडकन उठून उभा राहिला. रेडिओ याच कॉम्प्युटरवर अभ्यास करायची. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक बोलका प्रोग्राम त्यात होता. पण स्पीकर सकाळी सोडवून कपाटावर ठेवले होते आणि ते कुणी परत जोडलेच नव्हते. बोलणाऱ्याचं तोंड बांधून ठेवायचं आणि हा बोलत नाही म्हणून रडायचं, असा सगळा प्रकार झाला होता.

रेडिओने फौजदाराला कीबोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबून बघायला सांगितलं. बारीक हिरवा दिवा लागला, पुन्हा दाबल्यावर विझला. म्हणजे डबा ऐकत होता. तोवर शेपूट धावत जाऊन रेडिओचे हेडफोन घेऊन आली. रेडिओने बोटांनी चाचपून पिन बरोबर जागी बसवली, पासवर्ड टाकला आणि श्वास रोखून बसली. मग तिचा चेहरा असा काही फुलला की शेपटीने विचारायच्या आधीच उड्या मारायला सुरुवात केली.

"ताईला उठवा," रेडिओ म्हणाली. "तो बोलतोय."

ताईचा विश्वास बसेना. तिने हेडफोन कानाला लावले, ऐकलं आणि मटकन खुर्चीत बसली. सवयीने तिचा हात माऊसवर गेला. रेडिओने तो माऊस हळूच काढून बाजूला ठेवला.

"हा इथे काही कामाचा नाही. बाण वापर. एकेक दाबायचा, ऐकायचं, मग पुढे जायचं."

"पण मी आहे कुठे तेच कळत नाही गं."

"कळेल. घाई करू नकोस, मी आहे."

शाळेत पहिला नंबर काढणारी ताई अंधारात जिना उतरावा तशी चाचपडत होती. बोलका प्रोग्राम रेडिओच्या सवयीने भरभर बोलायचा, त्यातलं तिला एक अक्षर समजेना. शेवटी एक कान ताईचा आणि एक कान रेडिओचा असे हेडफोन वाटून घेतले आणि कीबोर्ड रेडिओकडे गेला. चित्रपटाचा कप्पा सापडला, आणि ताईने कपाळावर हात मारला. आत एक फाईल 'शेवटची' होती, एक 'शेवटची नवी' आणि एक 'शेवटची खरी'. दुकानात आनंदाच्या भरात आपण कोणती केली हे तिला काही केल्या आठवेना. तारीख-वेळ पाहणं तिच्या नजरेला सवयीचं होतं, कानाला नव्हतं, आणि घाबरल्यावर तेही सुचलं नाही.

"वाजव तिन्ही," रेडिओ म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी पानांचा आवाज बदलला होता. आधी नुसता कागद चुरगाळला होता, मग एकेक तुकडा सोडला."

पहिल्या फाईलमध्ये कागद चुरगाळलेला होता. दुसऱ्यातही तोच. तिसऱ्या फाईलच्या शेवटाला रेडिओने डोळे मिटून घेतले. डोळे मिटण्याचं आणि ऐकण्याचं काही नातं असावं असं शेपटीला उगाचच वाटलं. रेडिओने मान डोलावली.

कॉलेजचं पान उघडलं, फाईल जोडली, पाठवा म्हटलं. घरचं इंटरनेट ताईच्या गोगलगायीशी शर्यत लावावी इतपतच होतं. बोलका प्रोग्राम मधूनमधून किती टक्के गेलं ते सांगत होता. अर्धं गेलं असेल नसेल, तोच जिन्यावर पावलं वाजली. डॉक्टर आला होता आणि मागे मामा होता.

"कुणी चालू केला हा?" मामा कडाडला. "बजावलं होतं ना मी?"

"शॉर्ट होईल!" म्हणत डॉक्टर प्लग काढायला वाकला. पण प्लगपाशी शेपूट फतकल मारून बसली होती. तिची पाचावर धारण बसली होती, तरी ती जागची हलली नाही. सगळे एकदम बोलायला लागले आणि कुणाचंच कुणाला ऐकू येईना. डॉक्टरने शेपटीला बखोटीला धरून उचललंच असतं, तेवढ्यात रेडिओ उठली, आवाजाच्या दिशेने चार पावलं गेली आणि तिने आपले हेडफोन मामाच्या डोक्यावर चढवले.

"बाबा, बोलू नका. ऐका फक्त."

मामा ऐकत राहिला. मग त्याने डॉक्टरचा दंड धरला आणि त्याला मागे ओढलं. बराच वेळ गेल्यावर मामा कसाबसा म्हणाला, "गेला म्हणतोय. पूर्ण गेला."

त्याच क्षणी ताईच्या फोनवर कॉलेजचा निरोप वाजला. चित्रपट मिळाला होता. ताईने तो दोनदा वाचला आणि सकाळपासून अडवून धरलेलं रडू रेडिओच्या खांद्यावर मोकळं केलं.

आता फौजदाराने तोंड उघडलं. त्याने डॉक्टरला अगदी नम्रपणे विचारलं, दुकानातल्या पडद्यावर सगळं दिसलं आणि घरच्यावर दिसलं नाही, तर बदललं काय? डबा तोच, कार्ड तेच. बदलला फक्त पडदा, आणि मध्ये आला तो खिशातला तुकडा.

डॉक्टरने तुकडा काढून उजेडात धरला. पडदा जुन्या पद्धतीचा होता, कार्ड नव्या, आणि दोघांमध्ये दुभाष्या हवा होता. हा तुकडा नुसताच दोघांचे हात एकमेकांच्या हातात देत होता. डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. "बोर्डाला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मी तपासलंच नाही नीट. पडदा काळा दिसला आणि बोलून मोकळा झालो. शाबास रे पोरांनो, माझी लाज राखलीत." उद्या सकाळी बरोबर जोडणी घेऊन येतो म्हणून तो गेला, आणि जाताना शेपटीला नमस्कार करून गेला.

मामा रेडिओसमोर खाली बसला. "तुला गप्प बस म्हणालो मी. चुकलो."

"हो ना," रेडिओ म्हणाली. "अख्खी दुपार फुकट गेली."

मामा हसला. तुम्ही तिघांनी आज जे केलं ते आम्हा मोठ्यांच्या डोक्यात आलं नसतं, असं त्याने सरळ कबूल केलं. मग त्याला चित्रपट बघायची इच्छा झाली आणि तो थांबला. पडदा उद्यापर्यंत काळाच राहणार होता.

"बघायचं कशाला?" रेडिओ म्हणाली. फौजदाराने कपाटावरचे स्पीकर काढून जोडले. मामी कामावरून आली तेव्हा घरातली सगळी माणसं काळ्या पडद्यासमोर ओळीने बसलेली तिला दिसली. ती काही विचारणार तोच शेपटीने तिला ओढून शेजारी बसवलं.

गोगलगाय सरपटत निघाली. तिने दारं वाजवली, ती डबक्यात पडली, कुणाच्या तरी बुटाखालून थोडक्यात वाचली. मामाने केव्हातरी डोळे मिटले होते. शेवटी वारा सुटला आणि पानं गळायला लागली. आधी एकेक, मग सगळी मिळून, मग विरळ होत होत शांत.

"संपला," मामा हळूच म्हणाला. "पडली सगळी पानं."

रेडिओने त्याच्या हातावर हात ठेवला. "थांबा बाबा, एक राहिलंय."

सगळे थांबले. आणि मग ते पडलं.