कमानीखालचे पांढरे सड

"हळू, डोकं आपटंल," असं संपत म्हणेपर्यंत चांगदेवचं डोकं आपटलंही होतं.

चांगदेव मे महिन्याच्या सुट्टीत दौंडहून निमोण्याला आजोळी आला होता. आल्याआल्या मामेभाऊ संपतने त्याला ओढ्यावरच्या जुन्या दगडी कमानीखाली घुसवलं. कमानीवरून विहिरीचा पाट जायचा. खाली घाणेरीची झुडपं माजलेली आणि त्यांच्यात नाग असल्याची अफवा, त्यामुळे मोठी माणसं तिकडे फिरकत नसत. लपायला याहून झकास जागा कुठली?

संपतची मैत्रीण नकुशी मात्र तिथं तोंड पाडून बसली होती. विहीर सामाईक होती. पाण्याची एक पाळी तिच्या बापाची, म्हस्कूची; दुसरी संपत-चांगदेवच्या आजोबांची, म्हणजे हौसराव आबांची. आबांच्या शेतात हल्ली पाण्याची नुसती करंगळी पोचायची. वाटेत म्हस्कूचं रान, तेव्हा चोर म्हस्कूच, असं आबांनी ठरवून टाकलं आणि पंचांनी म्हस्कूची पाळी बंद केली. त्याचा भुईमूग ऐन शेंगा भरायला आलेला. या आठवड्यात पाणी मिळालं नाही, तर सगळं रान करपणार होतं.

"बा म्हणतो, आमच्या पाळीला बी पाणी कमीच येतंया," नकुशी म्हणाली. "पर ऐकतंय कोण?"

आबांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ते काठी घेऊन कमानीवर राखणीला बसले होते आणि झकासपैकी घोरत होते.

डोकं चोळत चांगदेवने वर पाहिलं. दगडांच्या सांध्यांतून बोटभर लांब पांढऱ्या नळ्या लोंबत होत्या, अगदी म्हशीच्या सडांसारख्या. प्रत्येकीच्या टोकाला एकेक थेंब होता.

"दूध काढायला चरवी आणू का?" संपतने विचारलं.

चांगदेवने एक सड मोडला. आतून पोकळ. "अरे, हा चुना आहे! आमच्या मास्तरांनी सांगितलंय. चुनखडीच्या डोंगरात पाणी मुरतं, मातीतून जाताना जरासं आंबट होतं आणि दगडातला चुना विरघळवतं. तशा गुहा तयार होतात. मग छताला थेंब लोंबला की थोडा चुना तिथंच ठेवून जातो. थरावर थर. खाली पडलेले थेंबही ठेवतात, म्हणून जमिनीतूनही खांब वर येतात. हजारो वर्षं लागतात."

"कमान तर पणजोबांनी बांधलीया."

"इथं चुना माणसांनीच कालवून ठेवलाय. पाण्याला आयता मिळाला."

नकुशी एकदम उठली. "सांध्यातला चुना खाली आला, मग वर सांध्यात राहिलं काय?"

तिघंही घाणेरी बाजूला सारत आत सरकली. पलीकडच्या भिंतीत दगडांमध्ये हात जाईल एवढी फट पडली होती. तिच्यातून पाणी भळाभळा येत होतं आणि ओढ्याची वाळू ते गुपचूप पीत होती.

"पर आबा नागाच्या भ्यानं खाली यायचे न्हाईत," संपत म्हणाला.

"चोरासाठी येतील," नकुशी म्हणाली.

संपत घरून आजीची धुण्याची नीळ घेऊन ती पाटात ओतायला वरच्या अंगाला पळाला. नकुशीने आबांना गदागदा हलवलं. "आबा, चोर घावला. कमानीखाली बसलाय!"

आबा नागबीग विसरले. काठी परजत, रांगत आत शिरले. "भाईर ये, लबाडा! तुझी..."

टप्. नाकावर निळा थेंब पडला. मग पटक्यावर, मग धोतरावर. आबांनी वर पाहिलं, फटीकडे पाहिलं. निळं पाणी धो धो वाळूत जात होतं.

"आबा, तुमी चोराच्या डोक्यावरच बसला व्हता," संपत वरून ओरडला.

आरडाओरडा ऐकून म्हस्कू धावत आला. निळे आबा बघून त्याला हसावं की पळावं, तेच कळेना.

"म्हस्कू, माझं चुकलं," आबा म्हणाले. "ह्या पोरांना जे दिसलं, ते मला नि पंचांना दिसलं न्हाई. आमच्यापरीस ही शानी."

सगळ्यांनी मिळून गोणपाट आणि चिखल कोंबून फट बुजवली. पाटाचं पाणी भरून वाहू लागलं. अजून पाळी आबांचीच होती. त्यांनी म्हस्कूच्या हातातलं खोरं घेतलं आणि पंचांनी बंद केलेलं, त्याच्या भुईमुगाला पाणी सोडायचं दारं स्वतःच फोडलं.

नकुशी पाण्याच्या पुढेपुढे वाफ्यातून धावत सुटली.