बारावा ठोका

गुरुवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, चावीमावशी झाडू, बादली आणि फडकं घेऊन प्रार्थनाघराकडे निघाली. काम रोजचंच. संध्याकाळी माणसं यायची, त्याआधी फरशी पुसायची, बाकं सरळ करायची, दिव्यात तेल घालायचं. पुढचं दार आतून लावायचं, मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं आणि गल्लीनं घरी यायचं. ऊन असं की गल्लीतलं कुत्रंसुद्धा भिंतीला अंग चोरून पडलेलं. भुताखेताची म्हणावी अशी ती वेळच नव्हती. पण भीती काय घड्याळ बघून येते होय?

खऱ्या नावानं कुणी हाक मारली तर ती आपल्यालाच आहे असं तिला वाटेना, इतकी वर्षं सगळे तिला चावीमावशी म्हणत. एकोणीस वर्षं गळ्यात काळ्या दोऱ्याला एकच चावी. ती चावी याच मागच्या दाराची. कारण प्रार्थनाघर उभं राहायच्या आधी तिथं शिवणकामाचा कारखाना होता, आणि वर्षापूर्वी तो जळला. आत अकरा बाया होत्या. अकरावी म्हणजे मावशीची सख्खी धाकटी बहीण.

मालकानं चार महिन्यांत त्याच जागेवर प्रार्थनाघर बांधलं. मेलेल्यांच्या नावानं. लोक म्हणाले, केवढं मोठं मन! मागची भिंत आणि तिच्यातलं लोखंडी दार तेवढं आगीत टिकलं होतं. ते पाडलं नाही, त्याला पांढरा रंग दिला. मावशीला झाडलोटीचं काम दिलं, राहायला खोली दिली. नवा रंग, तेल आणि फुलं, सगळ्यांचा वास त्या जागेत होता. पण दुपारी भिंती तापल्या की त्या वासाखालून दुसरा वास वर यायचा. इस्त्री कापडावर विसरल्यावर येतो ना, तसा.

मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. तिला वर्षभर कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवण तोंडात घातलं तर कापूस चावल्यासारखं. मागच्या महिन्यात तव्याला बोट चिकटलं, तर करपल्याचा वास आधी भाचीला आला, मावशीला नंतर कळलं. रडू तर आलंच नाही कधी.

धाकटीची लेक, ती भाची, आता तिच्याजवळच राहत होती. एकोणीस वर्षांची, जिभेला धार. आज सकाळीच तिनं विषय काढला होता.

"मावशी, उद्या चौकशीचा शेवटचा दिवस. मालक म्हणतो, दार उघडंच होतं, बाया घाबरल्या म्हणून त्यांना सापडलं नाही. उद्या कुणी काही बोललं नाही तर तेच कागदावर राहणार. कायमचं."

"हं."

"हं काय? दार बंद होतं की उघडं?"

"मला आठवत नाही गं."

"तुला? गेल्या वर्षी कुणी किती वाटी साखर नेली ते आठवतं, आणि हे आठवत नाही?"

मावशी भांडी घासत राहिली. भाची म्हणाली, "ते प्रवचनवाले सांगतात, त्याच्या मर्जीशिवाय झाडाचं पानसुद्धा हलत नाही. मग कुलूप पण त्याच्याच मर्जीनं लागलं का? माझी आई आत जळत होती तेव्हा तो कुठं होता, एवढं एकदा त्याला विचार. रोज त्याच्या घरात झाडू मारतेस ना? तेवढी ओळख झाली असेल."

मावशीनं हेही ऐकलं आणि पुढचं भांडं घेतलं.

फरशी पुसून होईतो मालकाचा मॅनेजर आला. गुळगुळीत माणूस. मालकाला ताप आला की हा कण्हायचा. बुटानं ओल्या फरशीवर ठसे उमटवत तो तिच्यापर्यंत आला.

"मावशी, उद्या फक्त आठवत नाही म्हणायचं. खोटं बोलायचंच नाही मुळी. वयानं माणूस विसरतं."

"बरं."

"आणि तसं बोलायचंच म्हटलं, तर कुलूप कुणाच्या हातानं लागायचं? तुमच्याच ना? आपलीच मान कशाला पुढं करायची? जे झालं ते देवाच्या मनात होतं. चूक असेल त्याला तो बघून घेईल. देवाच्या काठीला आवाज नसतो."

एवढं बोलून तो गेला. मावशीनं त्याचे ठसे पुसले, पुढचं दार आतून लावलं, मागच्या दारानं बाहेर आली, कुलूप घातलं, चावी फिरवली. आणि हातानं आपोआप कुलपाला तीन हिसके दिले. खण्ण, खण्ण, खण्ण.

ही तिची एकोणीस वर्षांची खोड. त्याचं असं होतं. बाया कामातून उठून वाऱ्याला बाहेर जातात, म्हणून मालकाचा नियम होता, दुपारच्या जेवणानंतर मागचं दार, बायांना ये-जा करायचं तेवढं एकच, बाहेरून बंद. आधी कुलूप, मग मोजणी. मावशीला लिहिता येत नव्हतं, हजेरीचं पुस्तक तिच्या काय कामाचं? म्हणून ती बाहेरून कुलपाला तीन हिसके द्यायची, आणि आत एकेक बाई आपापल्या मशीनवर कात्रीनं एकेक ठोका मारायची. मावशी बोटांवर मोजायची. अकरा भरले की झालं. कमी भरले तर कुणीतरी नळावर राहिली, कुलूप उघडून तिला आत घ्यायचं. आत मशीनं मात्र बारा होती. बारावं मोडकं, त्यावर कुणी बसत नसे. धाकटी हसून म्हणायची, "ते देवाचं मशीन. तो रोज येतो, बसतो, बघतो. काम मात्र काडीचं करत नाही." आणि सगळ्या फिदीफिदी हसायच्या.

तर मावशीनं तीन हिसके दिले आणि वळली. पाऊल उचललं, तोच आतून आवाज आला.

टक.

लोखंडावर कात्रीचा.

मावशी थांबली. आत मशीनंच नव्हती. बाकं होती, लाकडाची. ती नुकतीच सरळ करून आली होती.

टक.

दुसरा. हा जरा दबका. ही पोटुशी होती ना, सातवा महिना चाललेला, तिला वाकायला व्हायचं नाही, म्हणून तिचा ठोका नेहमी असाच मवाळ.

टक... टक-टक. ही डावखुरी. कात्री हातातून निसटायची, म्हणून तिच्या एकाचे दोन ऐकू यायचे. मावशी तिचा एकच धरायची.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुत्रं उठून निघून गेलं होतं. मावशी घाबरली का? तुम्हीआम्ही असतो तर चप्पल तिथंच टाकून पळालो असतो. तिनं फक्त बादली खाली ठेवली आणि अंगठा करंगळीला लावला. मोजू लागली. चार. पाच. सहा. एकेक ठोका ओळखीचा, जशी घरच्या माणसाची पावलं ओळखू येतात. नऊ. दहा. मग अकरावा, घाईचा, मशीनच्या कडेवर मारलेला, खोडकर.

"धाकटे..." मावशी दाराला ओठ लावून म्हणाली.

आत शांत. त्या तापलेल्या कापडाचा वास दाराच्या फटीतून आला.

आणि मग बारावा ठोका पडला.

तो कात्रीचा नव्हता. उघड्या तळहाताचा होता, आणि मशीनवर नव्हता. दारावर होता. आतल्या बाजूनं, बरोबर तिच्या तोंडासमोर.

आता जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, भाचीलासुद्धा नाही, ते ऐका. हा ठोका तिनं आधी एकदा ऐकला होता. त्याच दिवशी. वर्षापूर्वी, अशाच दुपारी, कुलूप लावून तिनं मोजणी केली तेव्हा बारा भरले होते. तिला वाटलं, आपणच चुकलो. तिनं बाहेरून विचारलं, "अगं, आज बारा कशा?" आणि आतून धाकटी ओरडली, "आज देव पण कामावर आलाय गं!" हसण्याचा आवाज झाला. कमी भरल्या तर कुलूप उघडायचं, हा नियम होता. जास्त भरल्या तर काय करायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात मॅनेजरनं हाक मारली, मालकाचं डोकं दुखतंय, गोळ्या आणा. मावशी चावी गळ्यात घालून औषधाच्या दुकानात गेली. रांग होती. पुढं सहा माणसं. ती गुमान रांगेत उभी राहिली. एकाला सुट्या गोळ्या हव्या होत्या, एकीला चिठ्ठीतलं अक्षर लागेना. गोळ्या घेऊन बाहेर आली तेव्हा छपरांवरून धूर दिसला. तिला वाटलं, कुणीतरी कचरा जाळतंय.

मावशीनं चावी काढली, कुलूप उघडलं, दार ओढलं.

आत कुणी नव्हतं. बाकं सरळ. दिवा लागलेला. फरशी अजून ओली, आणि तिच्यावर एकही पाऊल नाही. तिनं दार मागं लोटून बघितलं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाला फोड आले होते. पाच बोटं आणि तळवा. मोठा हात, बाईचा नव्हे. मघाशी नव्हता, तिनंच तर फडकं फिरवलं होतं.

तिनं आपला हात त्यावर ठेवला.

चटका बसला. वर्षभरात पहिल्यांदा बसला. तिनं हात काढला नाही. उभी राहिली तशीच, आणि भाचीनं विचारायला सांगितलेला प्रश्न आपणहून तिच्या मनात आला. पण विचारायचं आता उरलं काय होतं? तो कुठं होता, ते तिला दिसत होतं. आत होता. त्यांच्यातच बसला होता. दारापर्यंत आला होता. आणि त्याच्याकडे चावी नव्हती.

चावी तिच्या गळ्यात होती.

घरी गेल्यावर भाचीनं तिचा तळहात बघितला आणि घाबरून विचारलं, "मावशी, हे काय करून घेतलंस?"

"दुखतंय गं," मावशी म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण भाची तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

शुक्रवारी ती चौकशीच्या कचेरीत गेली. भाची सोबत होती. खोली लहान, टेबलामागं अधिकारी बाई, बाजूला कारकून, मागं लोखंडी कपाट. उकडत होतं म्हणून दार सताड उघडं ठेवलेलं. बाहेरच्या बाकावर मॅनेजर बसला होता. त्यानं मान हलवून हसून खूण केली. मावशीनं बघितलं नाही.

"आजी, दार उघडं होतं की बंद?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"बंद. बाहेरून कुलूप. मीच लावलं. मालकाच्या सांगण्यावरून, एकोणीस वर्षं रोज. ही त्याची चावी."

बाहेर बाक करकरलं. भाचीनं मावशीचं कोपर घट्ट धरलं.

"याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? तुमच्यावरही येईल."

"यायलाच पाहिजे की. हात माझा होता."

"मालक मोठे वकील देतील. ते सुटतीलही. तुम्ही अडकाल."

"असेल. ते तुम्ही बघा. मी दार कसं होतं ते सांगायला आले."

कारकून भराभरा लिहीत होता. "आत किती जणी होत्या?"

मावशीचा अंगठा करंगळीवर गेला. भाचीनं तिच्याकडे बघितलं.

"अकरा लिहा," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "भरले बारा होते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या कागदावर मावणार नाही ते. अकराच लिहा."

तिनं अंगठा दिला. फोडांच्या हाताचा नको, म्हणून डावा दिला. गळ्यातला दोरा काढून चावी टेबलावर ठेवली. मानेला एकदम गार लागलं. कारकुनानं चावी पाकिटात घातली, पाकीट डब्यात, डबा लोखंडी कपाटात.

"कुलूप नका लावू, दादा," मावशी म्हणाली.

"पुरावा आहे, आजी. उघडा ठेवून कसं चालेल? नियम असतो." त्यानं कपाटाचं दार लोटलं, चावी फिरवली आणि सवयीनं मुठीला एक हिसका दिला. मग खुर्चीवर येऊन पुढचा कागद ओढला.

खोलीत पंखा फिरत होता. भाची पाणी पीत होती. दुपारचे दोन वाजत आले होते.

एक ठोका पडला. उघड्या तळहाताचा.

"या ना आत," कारकून मान वर न करता म्हणाला. "दार उघडंच आहे."

मावशीनं दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं. बाहेरचं बाक रिकामं होतं, गल्लीत नुसतं ऊन होतं.

दुसरा ठोका पडला. मागून, लोखंडावर.

"या म्हटलं ना," कारकून म्हणाला. आणि मग त्याचं लिहिणं हळूहळू थांबलं.