पावणेदोन माणसांचे गहू

कोठाराच्या दारातली भिंत दर फेरीला माणसाचा श्वास हुंगायची, चाल पाहायची आणि घराची 'भूकछाया' काढायची. म्हणजे या घरात येत्या वर्षात किती खाल्लं जाईल, याचा अंदाज. तो कधी चुकत नसे. वर्गणी भरून सभासद झालं की वर्षाचं धान्य निम्म्या भावात मिळे. पण खाणारी तोंडंच कमी असली तर वर्गणी वसूल व्हायची नाही, हेही भिंत तोंडावर सांगे.

कुमुदिनी नेव्यांना ती यंदा म्हणाली, "माणूस एक. सभासदत्व परवडणार नाही."

"डोकं फिरलंय का तुमच्या भिंतीचं?" कुमुदिनीबाई कोठाराच्या शास्त्रज्ञावर, डॉ. रेवणकरांवर, कडाडल्या. "आम्ही दोघं आहोत. ते काय तिथं उभे आमचे हे!"

पलीकडे भालचंद्र नेवे गव्हाचा दाणा दाताखाली फोडून पारखत होते.

रेवणकर चुळबुळले. "काकू, आत आजार वाढत असला की श्वासातले वायू बदलतात. यंत्र त्यावरून फक्त भूक मोजतं."

कुमुदिनीबाईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. "हे आज कळलं तुम्हाला?"

"गेल्या वर्षीच. पावणेदोन माणसं सांगितली होती ना."

सांगितली होती. तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. 'ढेरी उतरली हो तुमची,' म्हणून त्यांनी नवऱ्याला चिडवलं होतं आणि पाव माणसाचे गहू वाचले म्हणून बहिणीपाशी मिरवलंही होतं.

"तेव्हा औषध लागू पडलं असतं?"

"बहुतेक. पण आजार सांगायचा आम्हाला परवाना नाही. धान्य सांगायचा आहे."

"आग लागो त्या परवान्याला! 'बाई, नवऱ्याला डॉक्टरकडे ने' एवढं सांगताना जीभ झडली होती का?" त्यांनी वर्गणी टेबलावर आपटली. "दोघांचे भरा. पुरते दोघांचे!"

रेवणकरांनी नुसतं दाराकडे बोट केलं. गाडीवर दोघांची पोती शिवून तयार होती, वर नेव्यांचं नाव.

"ही कधी भरली?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी." ते खाली बघत म्हणाले, "एक म्हटलं की बायका दोघांचंच नेतात. भिंत तेही हिशेबात धरते, काकू."

पोती लाथेनं उलथवावीत असा संताप त्यांच्या मस्तकात गेला. पण उलथवली, तर एकाचे न्यावे लागणार होते.

"अगं, गहू छान आहेत यंदा," भालचंद्र हसत आले. "पोळ्या मऊ होतील. धर की गाडी!"

दात आवळून त्यांनी गाडी धरली.