गाळणीतलं नाव

हार्लन आजोबांनी शेगडीत लाकूड सारलं. "लीलंड माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा, म्हणून सांगतो. मध्ये हसायचं नाही हं." नातवंडं जवळ सरकली.

लीलंड नॉर्थ डकोटातल्या एका विद्यापीठात संगणक सांभाळायचा. तेव्हा सगळे विभागाच्या चर्चागटावर लिहायचे आणि न्यूजरीडर नावाच्या प्रोग्राममधून एकमेकांचं वाचायचे. सगळ्यात जास्त लिहायचा एमेट सोर्ली. गावाबाहेरच्या वेधशाळेत एकटा असायचा बिचारा. आज कोल्हा दिसला, आज सूप करपलं, काहीही लिहायचा.

"लीलंड, त्याला आवर रे बाबा!" आमच्याच विभागातली विल्मा एकदा म्हणाली. "सूप त्याचं करपतं, पोट माझं बिघडतं."

न्यूजरीडरला एक गाळणी असते. तिच्या फाइलीत ज्याचं नाव, त्याचं लिखाण दिसत नाही. जो तो आपल्यापुरती वापरायचा. लीलंडने मात्र विभागातल्या साऱ्या वर्कस्टेशनना, म्हणजे टेबलांवरच्या संगणकांना, लागू होणाऱ्या फाइलीत एमेटचं नाव घातलं. आठवडाभराची गंमत म्हणून. आणि विसरून गेला.

जानेवारीत हिमवादळ आलं. वेधशाळेचा फोन बंद पडला, संगणकाची तार तेवढी शाबूत होती. एमेटने नेहमीसारखं गटावर लिहिलं, "हीटर गेलाय. गाडी सुरू होत नाही. कुणीतरी या."

ते कुणालाच दिसलं नाही. एमेट गोठून गेला.

लीलंडने गुपचूप ते नाव पुसलं. दफनाच्या वेळी विल्मा रडली, तेव्हा तिला आपला रुमाल दिला.

पुढच्या जानेवारीतला शेवटचा शुक्रवार. बाहेर अंधार पडला होता. लीलंड एका नव्या वर्कस्टेशनवर न्यूजरीडर बसवत होता. सर्व्हरचं नाव भरलं. गट निवडला. नेटवर्कची तार अजून टेबलावरच पडलेली.

पडद्यावर एक निरोप उमटला. एमेट सोर्ली.

"कुणी वाचतंय का?"

लीलंडने तारेकडे पाहिलं. तोंडातून वाफ निघाली. खोलीत.

त्याने टाइप केलं, "मी वाचतोय."

मग...

"लीलंड... इतके दिवस का नाही वाचलंस?"

त्याने तार जोडली. सगळं गटावर लिहून टाकलं. नाव मी घातलं. एमेट माझ्यामुळे गेला. पाठवलं.

सोमवारी विल्माने डोनटचा खोका पुढे केला. "घे. तोंड का असं उतरलंय?"

"मी लिहिलेलं... वाचलंस?"

"तू कधी लिहिलंस? काही आलं नाही."

तोंडाने सांगायचा धीर त्याला झाला नाही. त्याने पुन्हा पाठवलं. पुन्हा. कुणालाच दिसेना. शेवटी त्याने गाळणीची ती फाइल उघडली...

आजोबांनी शेगडीतलं लाकूड सारखं केलं.

"मी त्याच्या मागेच उभा होतो; आधीचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. फाइलीत एकच नाव होतं. लीलंडचं. त्याने पुसलं. ते परत आलं."

"कुणी घातलं, आजोबा?" थोरल्या नातीने हळूच विचारलं.

"फाइल शेवटची कुणी बदलली, ते शेजारी दिसतं, बाळ. तिथे सोर्ली होतं. त्याचं खातं तर वर्षापूर्वी लीलंडनेच बंद केलं होतं."