सगळ्यात धाकटीच्या डोक्यावरची खूण

पटणार नाही, हे धरूनच सांगते. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. गेल्या जुलैतला मंगळवार होता, दुपारचे सव्वातीन. जागा म्हणजे कॅनबेराच्या मिचेल भागातलं एक पत्र्याचं गोडाऊन. शेजारी एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला लाद्यांचं.

या गोडाऊनमध्ये जुनी चित्रं दुरुस्त होतात. तिथे निहारिका एकटी काम करत बसली होती.

निहारिका माझी मावसबहीण. मूळची पुण्याची, आता कॅनबेरातच गुंगालिन भागात राहते. नवरा यतिन आयटीत, मुलगी शाल्मली सात वर्षांची. चित्रांवरची काजळी, पिवळं पडलेलं वॉर्निश आणि मागाहून कुणी फासलेला रंग काढायचा, हे तिचं काम. तिघांचाही व्हिसा तिच्याच नोकरीवर होता. बॉसबाई हेलनने पर्मनंटच्या पत्रावर सही केली तर इथे राहायचं, नाहीतर सप्टेंबरात गाशा गुंडाळायचा.

ती सही हेलनने आठ महिने लटकवून ठेवली होती. बेल्जियमच्या प्रदर्शनाची चित्रं हातावेगळी होऊ देत, मग बघू, एवढंच तिचं उत्तर.

प्रदर्शन होतं बेल्जियमच्या सहाशे वर्षांच्या चित्रकलेचं. त्या चित्रकलेचा स्वभाव काय, ते दारावर लावायला हेलनला ऐंशी शब्दांत हवं होतं. वर्षं सहाशे, शब्द ऐंशी! निहारिकाने चार वेळा लिहून दिलं, चारही वेळा परत आलं. व्हॅन आयक फरच्या कोटाचा केस न् केस रंगवतो, ब्रुगेल गावजेवणातली ताटं वाढणारे हातसुद्धा सोडत नाही, असं लिहिलं तर म्हणे यादी वाटते. एन्सॉरचे सांगाडे शेगडीपाशी शेकत बसतात, मॅग्रिटच्या भरदिवसाच्या आकाशाखाली रस्त्यावर मात्र रात्र असते, असं लिहिलं तर, "टू डार्क, मेट."

निहारिकाचं डोकं उठलं होतं. पाचव्यांदा तिने वैतागून एकच ओळ पाठवली. 'हे चित्रकार जिवंत आणि मेलेली माणसं एकाच खोलीत, एकाच उजेडात बसवतात.'

ती मात्र हेलनला आवडली.

आता त्या मंगळवारचं चित्र. ओकच्या फळीवर काढलेलं, साडेचारशे वर्षांपूर्वीचं, फ्लँडर्सचं, म्हणजे आजच्या बेल्जियमचं. हेच शेवटचं, शुक्रवारी ते गेलं की सही. डावीकडे बाप आणि तीन मुलगे, उजवीकडे आई आणि चार मुली. सगळे गुडघे टेकून, हात जोडून मेरीपुढे बसलेले. त्यातल्या तिघांच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा लाल क्रूस. तेव्हा तशी पद्धतच होती. घरातलं जे माणूस देवाघरी गेलंय त्याच्या डोक्यावर क्रूस काढायचा आणि त्याला जिवंतांच्या रांगेतच बसवायचं.

तिसरा क्रूस सगळ्यात धाकटीच्या डोक्यावर होता. मुलगी शाल्मलीच्याच वयाची.

निहारिकाने अल्ट्राव्हायोलेटचा जांभळा दिवा लावून पाहिलं. दोन क्रूस वॉर्निशच्या खाली होते. धाकटीचा वॉर्निशच्या वर. म्हणजे मागाहून कुणीतरी रंगवलेला. आणि मागाहून आलेला रंग काढायचा, हा तर तिच्या धंद्याचा पहिला नियम. तरीही तिने हेलनला मेल करून विचारलं.

"युअर कॉल. नो वरीज." एका मिनिटात उत्तर.

निहारिकाने क्रूस पुसून टाकला. मग तिने मुलीचा चेहरा साफ करायला घेतला. नाजूक रंगावरची काजळी काढायला थुंकीसारखं दुसरं काही नाही, जगभर हे लोक तेच वापरतात. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हाताने पुसायचं. शाळेत जाताना आई घाईघाईत पोरीच्या गालावरचं दूध पुसते ना, अगदी तसं.

गाल उजळला. मग हनुवटी. मग ओठ...

आणि मागे कुणीतरी खोकलं.

लहान मुलाचं खोकणं. एकदाच.

निहारिकाने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. हवा खेचणारा पंखा घरघरत होता.

मग तोही थांबला. शेजारी टायर काढायच्या मशीनचा दिवसभर खणखणाट असतो. तोही नाही. बाहेरून ट्रामची घंटा नाही...

तिच्या पांढऱ्या कोटाचं टोक खाली ओढलं गेलं.

हळूच. दोनदा.

बसल्या जागी ती गारठली. खाली बघायची हिंमत तिला झाली नाही. मिनिटभराने पंखा आपोआप सुरू झाला. तिने सामान उचललं आणि घरी गेली. यतिनला सांगितलं तर त्याने आधी तिचा ताप पाहिला, मग म्हणाला की शुक्रवारपर्यंत कसंतरी काढ, पत्र हातात पडू दे.

बुधवारी सकाळी बेल्जियमहून तिथल्या तज्ज्ञाचा मेल आला. ती मुलगी चित्र पूर्ण झाल्यावर दोन वर्षांनी छातीच्या आजाराने गेली. तिच्या आईने चित्रकाराला परत बोलावून क्रूस रंगवून घेतला. चर्चच्या वहीत नोंद आहे. तो क्रूस चित्राचाच भाग आहे, कृपया सांभाळा.

हेलनने निहारिकाला समोर उभं केलं. काल स्वतः काय लिहिलं होतं ते ती सोयीस्कर विसरली.

"शुक्रवारी दुपारी चित्र जाणार. क्रूस होता तसा दिसला पाहिजे. नाहीतर मी त्या पत्रावर सही कशी करू, सांग?"

निहारिकाचा असा संताप झाला की डोळ्यांत पाणी आलं. पण भांडणार कुणाशी? सही त्याच बाईची.

नियमाप्रमाणे पाण्याने निघेल असाच रंग वापरायचा. बुधवारी दुपारी तिने तो क्रूस पुन्हा रंगवला. जुन्या फोटोशी ताडून पाहिला. तंतोतंत. दार स्वतः कुलूपबंद केलं.

गुरुवारी सकाळी क्रूस नव्हता.

खाली, स्टुलावर, कापूस गुंडाळलेली एक काडी पडली होती. कापूस लाल झालेला...

आणि ओला.

अलार्म वाजला नव्हता. कॅमेऱ्यात रात्रभर रिकामी खोली. हेलनला वाटलं, निहारिकाने काम केलंच नाही आणि आता थापा मारतेय. तसं ती तोंडावर बोलली.

शुक्रवारी दुपारी एक वाजता निहारिकाने लवकर सुकणारा तैलरंग हातात घेतला. एकदा सुकला की सहज निघत नाही, म्हणून तिच्या धंद्यात तो निषिद्ध. ब्रश टेकवला आणि पंखा थांबला.

कोट ओढला गेला. हळूच. मग जोरात. मग दोन्ही मुठींनी...

तिने उभी रेघ ओढली. गुडघ्यावर काहीतरी टेकलं. कपाळ असावं, एवढंच वजन. ऊन ऊन. तिला शाल्मली दिसत होती, शाळा दिसत होती, सप्टेंबर दिसत होता.

तिने आडवी रेघ ओढली.

गुडघ्यावरचं वजन गेलं. शेजारी मशीनचा खणखणाट सुरू झाला.

तीन वाजता सही झाली. यतिन पेढे म्हणून सिडनीच्या ब्लॅकटाउनहून बर्फी मागवायला निघाला होता. निहारिकाने मला फोन केला आणि पहिलंच वाक्य हे बोलली, "सहीसाठी मी तिला दुसऱ्यांदा मारलं गं." मी समजूत घातली. रंगच तो, म्हटलं. आता मला माझीच लाज वाटते.

प्रदर्शन ऑगस्टमध्ये उघडलं. जाणं भागच होतं. रविवारची दुपार, तुडुंब गर्दी. निहारिकाने त्या चित्राकडे पाहिलंच नाही. शाल्मली मात्र बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. शेवटी हात धरून तिला ओढत लिफ्टपर्यंत आणावं लागलं.

लिफ्टमध्ये दोघीच होत्या. दार मिटायला लागलं तसा शाल्मलीने मध्ये हात घातला.

"वेट, आई. शी इज कमिंग टू."

बाहेरचा सगळा पॅसेज रिकामा होता.

शाल्मली त्या रिकाम्या पॅसेजकडे बघून हसली. ये ये, असा हात केला.

निहारिकाने तिचा हात आत घेतला आणि बटण दाबलं. दाबूनच धरलं.

दार मिटलं. पलीकडून कुणीतरी खोकलं...

त्यानंतर काही झालेलं नाही. घर इथेच आहे, नोकरी इथेच आहे. पण निहारिका आठवड्यातून एकदा तरी मला फोन करते आणि तोच प्रश्न विचारते. "मी दार उघडं ठेवायला हवं होतं का गं?"

मलाही एक मुलगी आहे. दर वेळी विषय बदलते.