घेतलं तर ठेवायचं

समाधानने वर्षभरानंतर बूट घातले, त्या सकाळी मी चहात साखर टाकायला विसरले आणि घरात कोणी त्यावर एक शब्दही काढला नाही. एरवी माझ्या चहावर बोलायला आमच्या घरात रांग लागते. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वंदना आटोपून तो बिनसाखरेचा चहा निमूटपणे घेतला आणि मुलाच्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसल्या.

आम्ही धायरीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट येणार होती. बिल्डर अजूनही तसंच सांगतो. आदल्या वर्षी वाघोलीजवळ एका ट्रकने समाधानच्या मोटरसायकलला धडक दिली, त्यानंतर तो जिना फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरता उतरायचा. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण डावा पाय फरशीवर घासत चालायचा. त्याची कंपनी समजूतदार निघाली, घरून काम करू दिलं. तेच वाईट झालं. अपघाताआधी दर रविवारी डोंगरात असणारा माणूस खिडकीत बसून समोरच्या टेकडीकडे पाठ करून कोड लिहायचा. मला माझा नवरा परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

त्यामुळे त्याने स्वतःहून जिओकॅशिंगचं नाव काढलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले. हा खेळ पुण्यात तेव्हा अगदी थोड्या लोकांना माहीत होता, बहुतेक सगळे आमच्यासारखे अमेरिकेची वारी करून आलेले. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी हातात मावणारं जीपीएस यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यात सही करायला कागद असतो आणि काही किरकोळ वस्तू. त्यातली एखादी वस्तू घेता येते, मात्र घेतली तर आपलं काहीतरी ठेवायचं. एवढा एकच शिष्टाचार.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सर्जेराव मोहिते नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी पर्वतीपासून धायरीच्या टेकडीपर्यंत नऊ डब्यांची मालिका लावली होती. सगळे डबे चढावर, कड्यावर, खाणीच्या धारेवर. मालिकेखाली त्यांनी लिहिलं होतं, 'एका दिवसात होणार नाही. उगाच दमू नये.' हे वाक्य समाधानला लागलं असावं.

"एका दिवसात झालं तर सोमवारी ऑफिसला जाईन," तो जेवताना म्हणाला. "नाही झालं तर या पायाचं नाव यापुढे घरात कुणी काढायचं नाही."

आईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. तो जे म्हणतो ते करतो, हीच अडचण होती.

बरोबर राकेश आणि मिसबा होते. राकेश समाधानच्या कंपनीतला, नेटवर्कचं काम बघणारा. त्याची जुनी मारुती होती. मिसबा माझ्याबरोबर टेस्टिंगला. दुसऱ्यांच्या चुका काढायचा आम्हां दोघींना पगार मिळायचा, आणि मिसबा ते काम पगाराबाहेरही करायची. कॅम्पातल्या मुलीला टेकड्या दाखवणं म्हणजे छळ आहे, असं तिने गाडीत बसतानाच सांगून टाकलं. सगळे आकडे समाधानने आदल्या रात्री स्वतः यंत्रात भरले होते. मी हात लावला नाही. त्याच्या हातात ते यंत्र पाहूनच मला बरं वाटत होतं.

पर्वतीला पहिला डबा होता. सर्जेरावांच्या सूचनेत 'चढ अवघड, जपून' असं होतं, म्हणून मी पाण्याची बाटली, क्रेप बँडेज, सगळं घेऊन सज्ज. पण यंत्राचा बाण आम्हांला चढावरून बाजूला घेऊन गेला, मागच्या अंगाला, एका कडुलिंबाखालच्या सपाट जागेवर. मुळांच्या बेचक्यात स्टीलचा डबा होता, आपण घरात मेथ्या-जिरं ठेवतो तसा. समाधानला वाकावंही लागलं नाही, तो मुळावर बसला आणि त्याने डबा उचलला.

आत शर्टाचं एक बटण होतं. सहीचा कागद नव्हता. काकांनी कागदाचा खर्च वाचवला, असं राकेश म्हणाला. समाधानने बटण घेतलं आणि कंपनीने दिवाळीला वाटलेल्या कीचेनपैकी एक आत ठेवलं. ती कीचेनं इतकी कुरूप होती की ती खपवायला हा खेळ उत्तम होता. झाकण लावताना माझ्या लक्षात आलं, डबा उन्हात असूनही गार होता.

तळजाईला तसंच. वेताळ टेकडीवर तसंच. खाणीच्या धारेवर चढायची माझी तयारी, आणि बाण नेऊन उभा करायचा पायवाटेशेजारी, एखाद्या बसायच्या दगडापाशी. सर्जेराव निवृत्तीनंतर घाबरट झाले असावेत, असा मिसबाने निष्कर्ष काढला. मी मात्र मनातल्या मनात त्या माणसाच्या पाया पडत होते. समाधान दमत होता, थांबत होता, पण हसत होता. भेळ खाताना त्याने राकेशच्या चालण्याची नक्कल केली. त्याची नक्कल मी वर्षभरात पाहिली नव्हती.

डब्यांमधल्या वस्तू मात्र विचित्र होत गेल्या. तळजाईच्या डब्यात नाकातल्या चमकीची फिरकी. वेताळ टेकडीवर चष्म्याची एक काच, जाड नंबराची. बाणेरच्या टेकडीवर दाताची टोपी निघाली, सोनेरी, आतून थोडी झिजलेली. मिसबाने ती ओढणीच्या टोकात धरून पाहिली आणि पटकन समाधानच्या हातात दिली.

"ही कुणी मुद्दाम ठेवेल?" तिने विचारलं.

लोक घरातला कचरा आणून टाकतात, असं राकेश म्हणाला. ते पटण्यासारखं होतं. समाधानने नेहमीसारखं एक कीचेन ठेवलं आणि टोपी रुमालात बांधली. मी डबा बंद केला तेव्हा बोटं बधिर झाली, फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेला चिकटतात तशी.

सिंहगड रस्त्यावरच्या कालव्याजवळ आठवा डबा मिळाला. त्यात कानात घालायचं ऐकण्याचं यंत्र होतं. राकेशने ते कानाजवळ नेलं आणि म्हणाला, सेल चालू आहे. मग त्याने ते लगेच खाली ठेवलं. गाडीत बसल्यावर त्याने रेडिओ लावला आणि आवाज बराच मोठा ठेवला.

शेवटचा डबा आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीवर होता. ऊन कललं होतं. राकेश आणि मिसबा खालीच थांबले. मिसबाला चप्पल चावत होती, आणि राकेशला, मला वाटतं, यायचंच नव्हतं. समाधान पुढे, मी मागे. त्याचा पाय मातीत ओढला जाण्याचा आवाज माझ्या पुढे पुढे चालला होता. वाटेत गुरं नव्हती, माणसं नव्हती. खाली रस्त्यावरच्या गाड्या दिसत होत्या, पण हॉर्न ऐकू येत नव्हते.

हा डबा लपवलेलाच नव्हता. एका सपाट खडकावर, उघड्यावर, जेवायला वाढून ठेवावं तसा ठेवलेला होता.

समाधान खडकावर टेकला आणि त्याने झाकण काढलं. आत बारीक तारेच्या जाळीची एक नळी होती, पेनाच्या रिफिलपेक्षाही बारीक, चकचकीत. असं काहीतरी मी कुठल्यातरी हॉस्पिटलच्या भिंतीवरच्या हृदयाच्या चित्रात पाहिलं होतं, असं वाटून गेलं.

"राहू दे ती," मी म्हणाले.

"नवव्यातलीच सोडू?" त्याने नळी उचलून रुमालात ठेवली आणि खिशात हात घातला. कीचेन नव्हतं. मघाशी भेळवाल्याला कौतुकाने एक देऊन टाकलं होतं, ते कमी पडलं. त्याने दुसरा खिसा पाहिला. माझ्या पर्समध्ये पाहायला सांगितलं. मला तिथून निघायचं होतं. मी पर्स उघडली नाही.

"उधार राहिलं बरं का," समाधान डब्याला म्हणाला, आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला म्हणतो तसं.

झाकण मी लावलं नाही. समाधान म्हणतो, त्यानेही लावलं नाही. मी पाहिलं तेव्हा ते लागलेलं होतं.

तो उठला. हाताचा आधार न घेता उठला.

आम्ही उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत मी थांबले, कारण पुढून काहीच आवाज येत नव्हता. समाधान चालत होता. पाऊल उचलत होता, टेकवत होता.

बोललं की मोडेल असं वाटलं. खाली आल्यावर मिसबा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मग मीही रडून घेतलं, रस्त्याच्या कडेला, लोकांदेखत. तीन मजले तो कठड्याला हात न लावता चढला. आईंनी दार उघडलं, त्याच्या पायांकडे पाहिलं आणि आत जाऊन खिरीसाठी दूध तापत ठेवलं.

सोमवारी तो ऑफिसला गेला.

त्याच आठवड्यात सर्जेरावांचा फोन आला. समाधानने मालिका पूर्ण झाल्याचं, स्टीलच्या डब्यांचं कौतुक करत, इंटरनेटवर लिहिलं होतं, ते वाचून ते स्वतः सगळ्या डब्यांपाशी जाऊन आले होते.

"अभिनंदन करायला फोन केला होता," ते म्हणाले, "पण आपण नेमके कुणाचे डबे उघडलेत? माझ्या एकाही कागदावर सही नाही. शिवाय माझे डबे प्लॅस्टिकचे आहेत, हिरवे. स्टील मला परवडत नाही."

चूक समाधाननेच शोधली. त्याला सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांवरून डोंगर हिंडायची सवय होती. ते नकाशे पृथ्वीच्या एका मापावर बेतलेले आहेत आणि हा खेळ दुसऱ्या मापावर चालतो. यंत्रात ती एक नोंद बदलावी लागते. अपघाताआधीपासून ती नकाशांच्या मापावर होती आणि तशीच राहिली. त्यामुळे दिवसभर आम्ही प्रत्येक डब्यापासून शंभरेक मीटर बाजूला, चुकीच्या जागी जात होतो. चौघंही सॉफ्टवेअरमधले, पैकी दोघी टेस्टर. मिसबाने महिनाभर तोंड लपवलं.

चुकीच्या त्या नऊ जागी डबे कसे होते, हे अर्थातच कुणाला सांगता आलं नाही. सर्जेराव आमचे चुकलेले आकडे घेऊन धायरीच्या टेकडीवर जाऊन आले. खडक आहे, बाकी काही नाही, असं त्यांनी कळवलं. रुमालातल्या वस्तूंचं काय करायचं, हा प्रश्न आईंनी न विचारता सोडवला. त्यांनी रुमालासकट सगळं मुठा नदीत सोडून दिलं. मला ते आवडलं. खरं सांगायचं तर मला उत्तर नकोच होतं. नवरा संध्याकाळी दमून घरी येत होता, जेवताना हिंजवडीच्या रस्त्याला शिव्या देत होता, रविवारी डोंगरात जात होता. इतकं हलकं मला लग्नाच्या आधीही वाटलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला आम्ही सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे गेलो. समाधानचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं. त्याची चाल बघून ते खूश झाले, त्याला दोनदा येरझाऱ्या घालायला लावल्या. मग एक्स-रे आला. त्यांनी तो दिव्यावर लावला, काढला, कोपऱ्यातलं नाव वाचलं, परत लावला. शेवटी एक्स-रे काढणाऱ्या माणसाला सांगून त्यांनी दुसरा काढायला लावला.

दुसराही त्यांनी बराच वेळ पाहिला.

"मी मांडीच्या हाडात सळई घातली होती," ते अगदी हळू म्हणाले. "स्टीलची, जवळजवळ हाडाएवढी लांब. ती आपण कुणाकडून काढून घेतलीत?"

समाधान हसला. कुणाकडूनच नाही, म्हणाला.

डॉक्टर खाली बसले आणि त्यांनी त्याच्या मांडीवर बोट फिरवलं. त्यांच्या ऑपरेशनचा जुना व्रण तेवढा होता. त्यावर नवा टाका नव्हता.

मी दिव्याकडे पाहिलं. हाडाच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत, सळईची जागा सरळ आणि स्वच्छ दिसत होती. ती रिकामी होती. समाधान माझ्या शेजारी उभा होता, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.