दुसऱ्या डिस्कवरचा श्वास

जुन्नरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. घाटघरच्या रामदासला घरचा कॉम्प्युटर मीच जोडून दिला. आत दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जाईल, ते त्याच क्षणी दुसरीवरही. एक गेली तरी दुसरी शाबूत. हे मी त्याला मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं.

त्याची लेक रत्ना आखाडात न्यूमोनियानं गेली. दहाव्याला कावळा काही शिवेना. शेवटी रामदासनं हात जोडले. "पोरी, तुझं फोटू, तुझा आवाज, काय बी पुसणार न्हाई." तेव्हा कुठे कावळा खाली उतरला.

भादव्यात त्याचा फोन आला. त्याच्या बायकोनं, मंगलनं, एक रेकॉर्डिंग पुसून टाकलं होतं. मी पोहोचलो तेव्हा भरदुपार होती, पण धुकं पार घरात शिरलेलं. बल्ब लावला होता आणि ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जात होता.

"दवाखान्यातलं व्हतं, शेवटच्या घटकेचं," मंगल पुटपुटली. "नुसता तिचा श्वास... मला ऐकवंना, भाऊ. म्हटलं, दुसऱ्या डिस्कीत ऱ्हाईलच की."

"वहिनी, एकीतलं पुसलं की दुसरीतलंही जातं."

रामदास मटकन खाली बसला. "म्हंजी सबूद मोडला..."

मला फार वाईट वाटलं. बघू तरी, म्हणून एक डिस्क काढली आणि दुसरी एकटीच चालवली. फाइल तिथे होती! असायला नको होती, पण मला इतका आनंद झाला की पुढचामागचा विचार न करता मी ती लावली.

काळा पडदा. घरघर. आत... बाहेर... धुरात कुठूनसा फिनेलचा वास मिसळला. मंगल तोंडाला पदर लावून ऐकत होती. हळूहळू माझ्या लक्षात आलं, तिची छाती त्याच लयीत हलतेय. रेकॉर्डिंगमधला श्वास अडकला की तिचाही अडकायचा.

"बंद करा, भाऊ..." रामदास कुजबुजला.

मी थांबवलं. मंगलचाही श्वास थांबला. ओठ निळे पडायला लागले, डोळे माझ्यावर खिळलेले. घाबरून पुन्हा सुरू केलं, तशी ती धापा टाकू लागली.

आणि त्या रेकॉर्डिंगचा शेवट काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला एकच सुचलं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून, असं लावून दिलं. मधल्या त्या जराशा शांततेत रामदासनं तिचा हात घट्ट धरून ठेवला. त्याच आठवड्यात मी तिथे इन्व्हर्टरही बसवला. घाटघरात लाईटीचा काय भरवसा!

काल संध्याकाळी रामदासचा फोन आला. वादळानं लाईट गेली होती आणि इन्व्हर्टरही उतरला होता. कॉम्प्युटर बंद.

मी कसंबसं विचारलं, "वहिनी...?"

"बरी हाय. भाकरी थापतीय. बोलतीय बी माझ्यासंगं..." तो अगदी हळू बोलत होता, कुणी ऐकू नये म्हणून. "पर भाऊ... मगाधरनं बघतोय... तिची छाती हलत न्हाई."